माउस मेला, खिडक्या चालू

इंदूरला रामबागेत माझ्या मामांच्या बैठकीत एक कॉम्प्युटर आहे. मामींनी शिवलेलं झालरीचं कव्हर अजून त्याच्यावर असतं, त्यामुळे नवख्या माणसाला ते शिलाई मशीन वाटतं. आत ४८६ डीएक्स२ प्रोसेसर, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम आणि विंडोज ३.१. मामा पूर्वी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून द्यायचे, त्यासाठी हा डबा घेतला होता. धंदा बंद होऊन बरीच वर्षं झाली, डबा तेवढा राहिला.

यंदा दिवाळीत गेले तेव्हा पोह्यांवर शेव आणि जिरावन घालता घालता मामांनी काम सांगितलं. गल्लीतल्या गणपती मंडळाची स्मरणिका निघतेय आणि १९९७ सालच्या वर्गणीदारांची यादी फक्त या डब्यात आहे. नावं-पत्ते विंडोजमधल्या 'राइट'मध्ये देवनागरीत टाइप केलेले, आणि कोणी किती दिले ते आकडे डॉस या विंडोजच्याही आधीच्या यंत्रणेवर चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये. एकदा इकडे बघायचं, एकदा तिकडे बघायचं आणि जुळवायचं. "दहा मिनिटांचं काम आहे गं," मामा म्हणाले.

कॉम्प्युटर सुरू झाला, पण माउस मेलेला होता. पोटात रबरी गोळी आणि शेपटाला नऊ पिनांचा सीरियल प्लग, असा तो माउस. गोळी धुतली, आतल्या रुळांवरची काळी वळी नखाने खरवडून काढली, उपयोग शून्य. आरएनटी मार्गावरच्या एका दुकानात नेला तर काउंटरवरच्या मुलाने प्लग उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, ये किसका है?"

घरी येऊन मी हात टेकले. मामा म्हणाले, "अगं, माउस हवाय कशाला? सरक जरा." आणि त्यांनी की-बोर्ड पुढे ओढला. पुढच्या तासाभरात मी जे पाहिलं आणि मग घरी येऊन नीट समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे. आपण सगळेच दिवसातून पन्नास वेळा ऑल्ट+टॅब दाबतो, पण तेव्हा आत नक्की काय होतं हे जुन्या मशीनवर फार स्वच्छ दिसतं. नव्या मशीनवर सगळं इतकं झटपट होतं की दिसतच नाही.

आधी एक गोष्ट. माउसशिवाय विंडोज चालवणं ही मामांची कसरत नव्हती, ती सोय मुळातच होती. त्या काळी बऱ्याच पीसींना माउस नसायचाच. १९८७ मध्ये आयबीएमने 'कॉमन यूजर अ‍ॅक्सेस' नावाची नियमावली काढली. कुठल्याही प्रोग्राममध्ये कुठली की दाबल्यावर काय व्हावं, हे त्यात ठरवलेलं होतं. ऑल्ट+एफ४ ने प्रोग्राम बंद करणं त्याच वळणाचं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तर जवळजवळ प्रत्येक काम बोटांनी होतं. मेनूतल्या शब्दांखाली एकेका अक्षराला जी रेघ असते ती त्यासाठीच.

आता मामांचं टेबल डोळ्यासमोर आणा. खाली हिशेबाची वही, तिच्यावर पावतीपुस्तक, सगळ्यात वर पत्रिकेचं प्रूफ. पेन टेकवलं तर शाई प्रुफावरच उमटणार, कारण ते वर आहे. पडद्यावरच्या खिडक्यांचंही तसंच. त्या शेजारीशेजारी दिसल्या तरी विंडोजच्या लेखी ती एक चळत असते: कोण सगळ्यात वर, कोण त्याच्या खाली, कोण तळाला. तुम्ही टाइप केलेलं अक्षर फक्त सगळ्यात वरच्या खिडकीला मिळतं. त्यामुळे 'खिडकी बदलणं' म्हणजे चळतीतला एक कागद उपसून वर ठेवणं. की-बोर्डच्या वेगवेगळ्या युक्त्या म्हणजे उपसायच्या वेगवेगळ्या पद्धती.

सगळ्यात लाडकी पद्धत ऑल्ट+टॅब. मामांनी डाव्या अंगठ्याने ऑल्ट दाबून धरला आणि अनामिकेने टॅबवर एक टिचकी मारली. पडद्याच्या मध्यभागी एक छोटी चौकट आली. त्यात एकच चित्र आणि एकच नाव, 'राइट' आणि फाइलचं नाव. आजच्यासारखी सगळ्या खिडक्यांची रांग नाही, ती विंडोज ९५ पासून आली. इथे एका वेळी एकच दिसतं. दुसरी टिचकी, दुसरं नाव. तिसरी टिचकी, तिसरं. या सगळ्या वेळात मागचा पडदा जागचा हललेला नाही. मग मामांनी ऑल्टवरचा अंगठा उचलला आणि खिडकी बदलली.

त्यातला शेवटचा क्षणच महत्त्वाचा आहे. टॅबने तुम्ही फक्त बघता. निवड होते ती ऑल्ट सोडल्यावर. हे कॉम्प्युटरला कळतं कसं? कारण की-बोर्ड दोनदा बोलतो. की दाबली की एक नंबर जातो, सोडली की दुसरा. पीसीमध्ये डाव्या ऑल्टचा नंबर ५६ आहे. सोडल्यावर प्रोग्रामपर्यंत पोचतो तो ५६ अधिक १२८, म्हणजे १८४. टॅबचा १५, सोडल्यावर १४३. जवळजवळ प्रत्येक की अशीच, सोडल्याचा नंबर १२८ ने मोठा. म्हणजे मामांच्या त्या हालचालीचं कॉम्प्युटरच्या भाषेतलं वर्णन असं: ५६ आला, १५ आला, १४३ आला, पुन्हा १५, पुन्हा १४३, आणि मग बऱ्याच वेळाने १८४. १८४ येईपर्यंत विंडोज चौकट धरून उभं राहतं. टॅब सोडलाच नाही तर तोच १५ नंबर पुन्हा पुन्हा जात राहतो आणि नावं भराभर पळायला लागतात. पहिल्यांदा माझं असंच झालं. मामा म्हणाले, "दाबू नकोस, टिचकी मार. कॅरमच्या सोंगटीसारखी."

मधेच मन बदललं तर ऑल्ट न सोडता एस्केप दाबायचं. चौकट जाते, तुम्ही होतात तिथेच राहता. पुढे निघून गेलात तर ऑल्टबरोबर शिफ्टही धरून टॅब मारायचा, नावं उलटी येतात. आणि एकच टिचकी मारून लगेच ऑल्ट सोडला तर तुम्ही आत्ता जिथून आलात तिथेच परत जाता. हे फार कामाचं आहे, आणि कारणही सोपं: तुम्ही जो कागद वर ठेवलात त्याच्या लगेच खाली आधीचा कागद असणारच. त्यामुळे दोन खिडक्यांमध्ये ये-जा करायला एक टिचकी पुरते, मग चळतीत बाकी दहा कागद असेनात का. मामा वर्गणीची यादी याच तालावर जुळवत होते. नाव वाचलं, टिचकी, आकडा वाचला, टिचकी. मी वहीत लिहून घेत होते आणि मला त्यांचा वेग झेपत नव्हता.

(तुमच्या जुन्या मशीनवर अशी चौकट येतच नसेल आणि प्रत्येक टिचकीला एखाद्या खिडकीची नुसती कडा आणि मथळा पुढे येत असेल, तर घाबरू नका. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये तसंच होतं. ३.१ मध्ये कंट्रोल पॅनेलच्या 'डेस्कटॉप'मध्ये 'फास्ट ऑल्ट+टॅब स्विचिंग' नावाचा चौकोन आहे, तो कोणीतरी रिकामा केलेला असतो. विंडोजच्या सेटिंग्ज जिथे असतात त्या विन.आयएनआय फाइलमध्ये हीच गोष्ट 'कूलस्विच' या नावाने नोंदलेली असते. हे नाव ज्याने ठेवलं तो स्वतःवर खूश असणार.)

ऑल्ट+टॅबचा एक कमी प्रसिद्ध भाऊ आहे, ऑल्ट+एस्केप. यात चौकट नाही, विचार करायला वेळ नाही. दाबलं की वरचा कागद थेट तळाला जातो आणि त्याच्या खालचा वर येतो. पुन्हा दाबलं की तोही तळाला. पत्ते पिसल्यासारखं एकेक पान खाली सरकवत जायचं. शिवाय एखादा प्रोग्राम मिनिमाइझ करून तळाशी चित्र करून ठेवला असेल, तर ऑल्ट+एस्केप त्या चित्रावर नुसतं जाऊन उभं राहतं, तो उघडत नाही. उघडायला एंटर वेगळा मारावा लागतो. ऑल्ट+टॅबने मात्र अंगठा उचलला की मिनिमाइझ केलेला प्रोग्रामही पूर्ण उघडतो. मला ऑल्ट+एस्केपचा फारसा उपयोग दिसला नाही. मामांना दिसतो: "दोनच खिडक्या उघड्या असल्या की हेच बरं. बघत बसायचं काम नाही."

तिसरी पद्धत म्हणजे कंट्रोल+एस्केप, आणि इथे आजची बोटं हमखास फसतात. हे दाबल्यावर आपल्याला स्टार्ट मेनू अपेक्षित असतो, पण स्टार्ट मेनू आणि खालची पट्टी २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बरोबर आली. ३.१ मध्ये कंट्रोल+एस्केपने 'टास्क लिस्ट' उघडते. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्राम्सची नावं एकाखाली एक, बाणाने हवं त्यावर जा, एंटर मारा. खाली 'एंड टास्क'चं बटण आहे, आणि 'कॅस्केड' व 'टाइल'ही आहेत. कॅस्केडने खिडक्या पत्त्यांसारख्या थोड्या थोड्या सरकवून मांडल्या जातात, टाइलने फरशीसारख्या शेजारीशेजारी. पाच-सहा प्रोग्राम उघडे असले की टिचक्या मोजत बसण्यापेक्षा ही यादीच बरी.

विंडोजचं चित्र असलेली की मात्र मामांच्या की-बोर्डवर शोधू नका. ती १९९४ पासून की-बोर्डांवर येऊ लागली. मामांचा की-बोर्ड त्याआधीच्या घडणीचा, १०१ कींचा, पाच पिनांच्या जाड गोल प्लगचा. स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना ऑल्ट, त्यापलीकडे रिकामी जागा, मग कंट्रोल. त्या रिकाम्या जागेवर माझं बोट दिवसभर पडत राहिलं.

आता थोडं गुंतागुंतीचं. काही खिडक्यांच्या पोटात आणखी खिडक्या असतात. विंडोज ३.१ सुरू झाल्यावर पहिल्यांदा दिसतो तो 'प्रोग्राम मॅनेजर' हाच असा आहे. त्याच्या आत 'मेन', 'अ‍ॅक्सेसरीज' वगैरे गटांच्या छोट्या खिडक्या. ऑल्ट+टॅबला या पोटातल्या खिडक्यांशी देणंघेणं नाही. त्याच्यासाठी प्रोग्राम मॅनेजर हा एकच कागद. आतल्या खिडक्यांसाठी वेगळ्या की: कंट्रोल+टॅब किंवा कंट्रोल+एफ६. वाड्याचा दिंडीदरवाजा आणि आतल्या खोल्यांचे दरवाजे, तसंच आहे हे. ऑल्टने एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात, कंट्रोलने एकाच वाड्यात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. हाच नियम बंद करतानाही. ऑल्ट+एफ४ वाडाच बंद करतो, कंट्रोल+एफ४ फक्त खोली. ज्या मेनूत खिडकी हलवणं, लहान-मोठी करणं, मिटवणं असतं, तो मेनूही असाच दोन ठिकाणी: ऑल्ट+स्पेस वाड्याचा, ऑल्ट+डॅश खोलीचा. एकदा ही ऑल्ट-कंट्रोलची वाटणी डोक्यात बसली की पाठ करायचं निम्मं कमी होतं.

माउस मेलेला असताना पहिली अडचण इथेच येते, कारण काही सुरू करायचं तर आधी योग्य गटात जायला हवं. कंट्रोल+टॅबने गट निवडा, तो चित्राच्या रूपात असेल तर एंटरने उघडा, बाणाने प्रोग्रामवर जा, पुन्हा एंटर. किंवा ऑल्ट दाबून सोडा, मग डब्ल्यू: 'विंडो' मेनू उघडतो, त्यात गटांची नावं नंबरांसकट असतात, नंबर दाबा. मामा हा दुसरा रस्ता घेतात. त्यांना 'अ‍ॅक्सेसरीज'चा नंबर पाठ आहे.

आणखी एक छोटी की, जी मला माहीतच नव्हती. 'नोटपॅड'मध्ये शोधायची छोटी खिडकी उघडली की मूळ कागद आणि ती खिडकी यांच्यात ये-जा करायला ऑल्ट+एफ६.

आता मामांच्या हिशेबाचा डॉस प्रोग्राम. खरा मसाला इथे आहे.

डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवायच्या बेताने लिहिलेली होती. प्रत्येक डॉस प्रोग्रामला वाटतं की सगळा कॉम्प्युटर आपल्याच नावावर आहे: सगळी मेमरी, सगळा पडदा, सगळा की-बोर्ड. मग तो विंडोजमध्ये दुसऱ्यांच्या बरोबर कसा नांदतो? तर ३८६ आणि त्यापुढच्या प्रोसेसरमध्ये एक सोय आहे. प्रोसेसर एका खऱ्या मशीनच्या आत अनेक नकली, जुन्या ८०८६ प्रोसेसरच्या पीसीसारखी मशीनं उभी करू शकतो. प्रत्येक डॉस प्रोग्रामला असं एक स्वतंत्र मशीन मिळतं आणि आपण भाड्याच्या घरात आहोत हे त्याला कळत नाही. विंडोज ज्या अवस्थेत हे करतं तिला '३८६ एन्हान्स्ड मोड' म्हणतात. तुमचं मशीन त्यात आहे का, हे प्रोग्राम मॅनेजरच्या हेल्पमधल्या 'अबाउट'मध्ये लिहिलेलं असतं. तिथे 'स्टँडर्ड मोड' दिसलं तर गोष्ट बदलते. मग डॉस प्रोग्राम खिडकीत बसत नाही, अख्खा पडदा घेतो, आणि तुम्ही ऑल्ट+टॅबने बाहेर पडलात की तो होता त्या जागी गोठतो. त्याची मेमरी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवली जाते. त्या वेळी डिस्कची जी खरखर ऐकू येते ती म्हणजे तुमचा प्रोग्राम सामान बांधतोय.

एन्हान्स्ड मोडमध्ये ऑल्ट+एंटरने डॉस प्रोग्राम पूर्ण पडद्यावरून खिडकीत आणि खिडकीतून पुन्हा पूर्ण पडद्यावर जातो. मामांचा हिशेब खिडकीत आणला तर डाव्या बाजूला तो आणि उजव्या बाजूला राइट, दोन्ही एकदम दिसतील, असा माझा बेत होता. ऑल्ट+एंटर दाबलं आणि हिशेबाच्या प्रोग्राममध्ये एक नवी कोरी नोंद उघडली! पुन्हा दाबलं, आणखी एक नोंद. मामा माझ्याकडे बघत होते.

कारण असं निघालं की या प्रोग्रामला ऑल्ट+एंटर स्वतःलाच हवं असतं. डॉस प्रोग्रामची सहसा एक पीआयएफ फाइल असते, विंडोजशी झालेला करारनामाच म्हणा. 'पीआयएफ एडिटर'मध्ये ती उघडून 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये गेलं की 'रिझर्व्ह शॉर्टकट कीज' असा एक भाग दिसतो: ऑल्ट+टॅब, ऑल्ट+एस्केप, कंट्रोल+एस्केप, ऑल्ट+एंटर, प्रिंट स्क्रीन वगैरे. ज्याच्यापुढे खूण असेल ती की विंडोज स्वतः वापरत नाही, प्रोग्रामला देऊन टाकतं. मामांनी कधीतरी ऑल्ट+एंटरपुढे खूण केली होती. म्हणून जुन्या मशीनवर एखादी नेहमीची की 'चालत नाही' असं वाटलं तर मशीन बिघडलं असं समजायच्या आधी पीआयएफ बघावी. आम्ही खूण काढली नाही. मामा म्हणाले, "तो हिशेब तसाच राहू दे. एकदा चाललेल्या गोष्टीला हात लावायचा नाही." छापखाना चालवलेल्या माणसाशी या बाबतीत वाद घालून फायदा नसतो.

त्याऐवजी त्यांनी प्रिंट स्क्रीन दाबलं. प्रिंटर नव्हताच, आणि त्याची गरजही नव्हती. एन्हान्स्ड मोडमध्ये पूर्ण पडद्यावर अक्षरांचा डॉस प्रोग्राम असताना प्रिंट स्क्रीन दाबलं की पडद्यावरची सगळी अक्षरं क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागी, जातात. चित्र नाही, अक्षरंच. मग ऑल्ट+टॅब, राइट, पेस्ट. पंचवीस ओळी आकड्यांसकट आल्या. मी वहीत लिहून घेतलेली दोन पानं मुकाट मिटली. खिडकीत चालणाऱ्या डॉस प्रोग्राममधून थोडाच मजकूर हवा असेल तर ऑल्ट+स्पेस, 'एडिट', 'मार्क', मग शिफ्ट धरून बाणाने निवड आणि एंटर. पण मामांच्या पद्धतीला तोड नाही.

आणि मग सगळं अडकलं. राइटमध्ये मोठी फाइल उघडताना पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि मी सवयीने ऑल्ट+टॅब मारलं. काही नाही. पुन्हा मारलं, आणखी दोनदा मारलं, तरी काही नाही. आजच्या कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम झोपला तरी बाकीचे जागे असतात, मग इथे असं का?

आमच्या मंडळात माइक एकच आहे. गणेशोत्सवात कार्यक्रमाच्या दिवशी ज्याच्या हातात माइक तोच बोलणार. बाकीच्यांना बोलायचं असेल तर त्याने आपण होऊन माइक पुढे दिला पाहिजे. बहुतेक लोक देतात. एखाद्या काकूंना 'दोन शब्द' बोलायचे असले की मात्र आरती लांबते. विंडोज ३.१ चे सगळे विंडोज प्रोग्राम असे एकाच माइकवर चालतात. एकाने आपलं थोडं काम करायचं आणि आपण होऊन दुसऱ्याला वाट द्यायची, याला सहकारी मल्टिटास्किंग म्हणतात. ऑल्ट+टॅबसुद्धा त्याच माइकवर ऐकू येतं. की दाबल्याचा नंबर कॉम्प्युटरमध्ये पोचतो, रांगेत पडून राहतो, पण वरच्या प्रोग्रामने 'माझ्यासाठी काही निरोप आहे का?' असं विचारेपर्यंत त्यावर कारवाई होत नाही. राइट फाइल वाचण्यात गढून गेलं होतं, निरोप विचारत नव्हतं. मी मारलेल्या चारही टिचक्या रांगेत उभ्या होत्या. फाइल उघडली आणि चारही एकदम लागू झाल्या. खिडक्या चार वेळा इकडून तिकडे उड्या मारून होत्या तिथेच परत येऊन थांबल्या. म्हणून घड्याळ दिसत असताना चिडून पुन्हा पुन्हा की मारू नये. ते विसरत नाही, नंतर वसूल करतं.

डॉस प्रोग्राम्सची तऱ्हा उलटी. ती नकली मशीनं वक्तृत्व स्पर्धेसारखी चालतात. घंटा वाजली की वाक्य अर्धवट असलं तरी खाली बसायचं, पुढचा उठणार. आणि सगळे विंडोज प्रोग्राम मिळून एकच स्पर्धक मानले जातात. म्हणजे आतल्या आत माइकची ओढाताण, बाहेर घंटेची शिस्त. दोन पद्धती एकाच छपराखाली. विंडोज ९५ ने नव्या पद्धतीच्या, ३२ बिटांच्या प्रोग्राम्सनाही घंटा लावली, तेव्हापासून झोपलेला प्रोग्राम सोडून दुसरीकडे जाणं बरंच सोपं झालं.

अगदीच अडकलं तर कंट्रोल+ऑल्ट+डिलीट. एन्हान्स्ड मोडमध्ये एक निळा पडदा येतो आणि तीन पर्याय देतो: एंटर दाबा, अडकलेला प्रोग्राम बंद होईल; पुन्हा कंट्रोल+ऑल्ट+डिलीट दाबा, कॉम्प्युटर नव्याने सुरू होईल; एस्केप दाबा, परत जाल. हा पडदा वाचायचा असतो. बहुतेक जण घाबरून दुसऱ्यांदा तेच दाबतात आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं.

एक चमत्कारिक आजार या मशीनवर अधूनमधून होतो: ऑल्ट 'चिकटतो'. की वर आलेली असते, पण कॉम्प्युटरला वाटतं की ती दाबलेलीच आहे. मग 'एफ' टाइप केलं की फाइल मेनू उघडतो, 'ई' टाइप केलं की एडिट. हे बहुतेक डॉसच्या पूर्ण पडद्यावरून विंडोजमध्ये येताना होतं. कुठल्या की दाबलेल्या आहेत याचा हिशेब डॉस आणि विंडोज आपापला ठेवतात. ऑल्ट दाबला एकाच्या दारात आणि सोडला दुसऱ्याच्या. तो १८४ नंबर एकाला पोचतो, दुसरा त्याची वाट बघत बसतो. उपाय सोपा आहे: दोन्ही बाजूंचे ऑल्ट, कंट्रोल आणि शिफ्ट एकेकदा दाबून सोडायचे. हिशेब पुन्हा जुळतो.

तुमच्याकडे खरं मशीन नसेल आणि नव्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये विंडोज ३.१ चालवून पाहणार असाल, तर पहिलाच दणका असा बसतो की ऑल्ट+टॅब आत पोचतच नाही. बाहेरचं नवं विंडोज ते दारातच अडवतं आणि तुम्हाला ब्राउझरमध्ये नेऊन सोडतं. कंट्रोल+एस्केपचंही तेच, बाहेरचा स्टार्ट मेनू उघडतो. ऑल्ट+एंटर तर डॉसबॉक्स स्वतःच वापरतो. अशा वेळी टास्क लिस्टकडे जायच्या दोन आडवाटा आहेत. माउस चालत असेल तर मोकळ्या पडद्यावर डबल क्लिक करा. नाहीतर ऑल्ट नुसता दाबून सोडा, डावा बाण मारून कोपऱ्यातल्या मेनूवर जा, खालच्या बाणाने तो उघडा आणि 'स्विच टू' निवडा. हे सगळं एकेका कीने होतं, त्यामुळे बाहेरच्या पहारेकऱ्याला हरकत घ्यायला काही सापडत नाही.

दहा मिनिटांच्या कामाला दुपार गेली. यादी एका फ्लॉपीवर उतरवली. तिच्यातला देवनागरी मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर तो इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसणार आणि युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागणार. ते काम माझ्याकडे आलं. मामांनी एकेक खिडकी ऑल्ट+एफ४ ने मिटवत आणली. शेवटी प्रोग्राम मॅनेजर राहिला, त्यालाही ऑल्ट+एफ४. विंडोजचं सत्र संपवायचं का, असं विचारलं गेलं. एंटर. काळा पडदा, डॉसचा सी प्रॉम्प्ट, चमकणारी रेघ.

मी मेन स्विचकडे हात नेला. "थांब," मामा म्हणाले. या मशीनवर 'स्मार्टड्राइव्ह' नावाची गोष्ट डिस्कवर लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवते आणि सवडीने खाली उतरवते. सी प्रॉम्प्ट आला तरी थोडं लिहायचं बाकी असू शकतं. आम्ही दोघं डब्यावरच्या लाल दिव्याकडे बघत बसलो. तो दोनदा लुकलुकला, डिस्क किंचित खरखरली आणि गप्प झाली. मग मामांनी स्वतः स्विच बंद केला आणि झालरीचं कव्हर ओढून घेतलं.